दहा पावलें मागून

कांहीं माणसांना प्रवास आवडतो आणि कांहींना प्रवासाची तयारी आवडते. मी दुसऱ्या वर्गांतला आहें. गाडीच्या वेळेआधीं तासभर स्टेशनवर जाऊन बसणारा, कुलूप लावल्यावर तें तीनदां ओढून पाहणारा आणि अर्धा जिना उतरल्यावर "छत्री घेतली ना?" म्हणून परत वर हांक मारणारा एक गृहस्थ प्रत्येक कुटुंबांत असतो. आमच्या कुटुंबांत तें पद माझ्याकडे आहे. त्यामुळें गेल्या मार्गशीर्षांत मुलांना घेऊन दोन रात्री उघड्यावर तंबूंत काढावयाच्या असें घरीं ठरलें, तेव्हां मुलांना जो आनंद झाला त्याहून कांकणभर अधिकच आनंद मला झाला. मुलांच्या डोळ्यांपुढें तंबू उभा राहिला. माझ्या डोळ्यांपुढें यादी उभी राहिली.

वास्तविक हल्लीं अशा यादीची कांहीं गरज उरलेली नाहीं. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कांठीं तयार तंबू भाड्यानें मिळतात. त्यांत गाद्या असतात, दिवे असतात, जेवणाचें ताट वेळेवर समोर येतें आणि रात्रीं कर्ण्यावर गाणींही लागतात. पुण्यामुंबईचीं कितीतरी कुटुंबें तेथें जातात आणि आनंदानें परत येतात. त्यांना नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु घरचेंच सुख दोन दिवस कापडाच्या भिंतींत नेऊन ठेवावयाचें, तर मग घर तरी काय वाईट, असें मला वाटलें. तेव्हां तंबू आपला आपण नेऊन आपणच उभा करावयाचा आणि स्वयंपाकही आपणच करावयाचा असें ठरलें. ओळखीच्या एका शिक्षकांनीं तळ्याच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या माळावर दोन रात्री उतरण्याची परवानगी मिळवून दिली, आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

माझ्यासारख्या दुसऱ्या कोणा गृहस्थाला उपयोग व्हावा म्हणून तयारीविषयीं दोन शब्द सांगतों. मुलांना घेऊन प्रथमच उघड्यावर जावयाचें असेल, तर सह्याद्रींत हिंवाळ्यासारखा दुसरा ऋतु नाहीं. पावसाळ्यांत वाटा निसरड्या आणि ओढे बेभरंवशाचे. उन्हाळ्यांत पाण्याचे हाल आणि वाळलेलें गवत पेट घेण्याची भीति. हिंवाळ्यांत शत्रु एकच, थंडी. आणि ती आगाऊ सूचना देऊन येते. मुक्कामाच्या जागीं सूर्यास्तापूर्वीं निदान दोन तास पोहोंचावें, कारण डिसेंबरांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराआड तर तो त्याहीपूर्वीं जातो. तंबू अगदीं पाण्याच्या कांठीं लावूं नये. रात्रीं थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खालीं वाहत येते आणि सखल जागीं सांचून राहते. कांठापासून थोडें वर चढलें कीं तीच रात्र सुसह्य होते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तंबू प्रथम घराच्या गच्चीवर उभा करून पाहावा. आम्हीं तसा तो केला, आणि खालच्या मजल्यावरील मंडळींनीं "वर कांहीं कार्य आहे काय?" म्हणून चौकशीही केली.

माझी यादी चौसष्ट वस्तूंची झाली. चौसष्ट हा आंकडा कलांचा आहे हें ध्यानांत येऊन मला थोडा अभिमानही वाटला. प्रत्येक वस्तूपुढें ती कोणीं सांभाळावयाची आणि मुक्कामावर तिचें काम कोणीं करावयाचें, त्याचें नांव मीं लिहिलें होतें. तंबू, काठ्या आणि मेखा माझ्याकडे. शिधा आणि भांडीं मुलांच्या आईकडे. बॅटऱ्या, औषधांची पेटी आणि पाण्याचे डबे थोरलीकडे. थोरली तेरा वर्षांची आहे, आणि तिच्या हातीं दिलेली वस्तु जागच्या जागीं सांपडते. यादी मीं भिंतीवर लावली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों धाकटा त्या कागदापुढें उभा. वय नऊ वर्षांचें. तो बोटानें एकेक ओळ चाचपीत वरून खालीं येत होता. शेवटापर्यंत आला, आणि त्यानें पुन्हां वरून सुरुवात केली. तो आपलें नांव शोधीत होता. तें नव्हतें असें नाहीं. एकसष्टाव्या ओळींत "कानटोपी, स्वतःची" या शब्दांपुढें तें होतें. तें सांपडल्यावर तो कांहीं बोलला नाहीं. तो आपली कानटोपी शोधावयास गेला, आणि ती त्याला सांपडली नाहीं.

आमच्या घरांत धाकट्याची ख्याति धांदरट म्हणून आहे. त्याच्या हातून पेला लवंडला नाहीं असा दिवस जात नाहीं. बुटाची नाडी बांधावयास त्याला जितका वेळ लागतो, तितक्यांत बाकीचें घर तयार होऊन दाराशीं उभें राहतें; कारण नाडी बांधतां बांधतां त्याला मुंगी दिसते, आणि ती कोठें चालली आहे हें पाहिल्यावांचून त्याला पुढें जातां येत नाहीं. यावर मीं एक सोपा उपाय शोधून काढला होता. "राहूं दे, मी करतों" हें तें चार शब्दांचें औषध. दूध ओतूं लागला, राहूं दे, मी करतों. दप्तर भरूं लागला, राहूं दे, मी करतों. या औषधानें वेळ वांचतो, पेले वांचतात आणि घरांत शांतता राहते. दिवसांतून किती वेळां मी तें देतों, हें मीं कधीं मोजलें नव्हतें.

पुण्याहून नारायणगांव, आळेफाटा, संगमनेर, अकोलें, राजूर असा आमचा रस्ता होता. आळेफाट्याच्या पुढें मेंढरांचा एक मोठा कळप रस्ता ओलांडीत होता, म्हणून गाडी थांबवावी लागली. धनगरांचा वाडा मुक्काम हलवीत होता. पावसाळा सरला कीं हीं कुटुंबें मेंढरें घेऊन चाऱ्यासाठीं बाहेर पडतात. शेतकरी आपल्या शेतांत त्यांचे कळप बसवून घेतात, कारण जमिनीला लेंडीखत मिळतें, आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. सारा संसार घोड्यांच्या पाठीवर होता. भांडीं, घोंगड्या, पालाच्या काठ्या, आणि वर बांधलेल्या कोंबड्या. कळपाच्या शेवटीं सहासात वर्षांची एक मुलगी, अंगाहून मोठी काठी घेऊन, मागें रेंगाळणाऱ्या कोंकरांना पुढें हांकीत होती. एक कोंकरूं तिच्या कांखेंत होतें. आमच्या गाडीकडे तिनें ढुंकूनही पाहिलें नाहीं. तिला काम होतें.

"बाबा," धाकट्यानें विचारलें, "तिची यादी कोण करतें?"

मी हंसलों. मुलांची आई हंसली नाहीं.

राजूर सोडल्यावर डोंगर जवळ येऊं लागतात. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या पाठीमागें पसरलेल्या पाण्याच्या एका अंगाला रतनगड आहे आणि दुसऱ्या अंगाला महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचें कळसूबाई. भाताची कापणी होऊन गेली होती आणि खाचरांत नुसते बुडखे उरले होते. आमचा माळ खाचरांच्या वर होता, आणि माळाच्या पलीकडे सुमारें तीनशें पावलांवर मालकाचें कौलारू घर होतें. सूर्यास्तापूर्वीं दोन तास पोहोंचावें हा जो नियम मीं वर सांगितला, तो आम्हांला स्वतःला पाळतां आला नाहीं. चौसष्ट वस्तु निघतांना दोनदां मोजाव्या लागल्या होत्या.

तंबू कसा लावावा हें मला पाठ होतें. दार वाऱ्याच्या तोंडीं येऊं देऊं नये. मेखा तिरप्या ठोकाव्या, डोकें तंबूपासून दूर कललेलें असावें, म्हणजे तणाव्याच्या ओढीनें त्या उपटत नाहींत. हें सर्व खरें आहे. परंतु गच्चीवर वारा नव्हता, आणि गच्चींत मेख ठोकावी लागत नाहीं. येथें तळ्यावरून वारा सुटला होता. कापड शिडासारखें फुगलें. एक काठी मी दोन्ही हातांनीं धरून उभा, दुसरी थोरली धरून उभी, आणि मुलांची आई एका कोंपऱ्यावर गुडघा टेकून मेख ठोकीत होती. उजेड उतरत चालला होता.

"तंबू होतो आहे तोंवर चूल तरी पेटवूं," ती म्हणाली. "काड्यापेटी कोणत्या पिशवींत आहे?"

मीं मनांतल्या मनांत यादी वाचली. सुईदोरा होता. शिटी होती. मीठ दोन पुड्यांत होतें, एक भिजली तर दुसरी असावी म्हणून. काड्यापेटी नव्हती. घरीं आतां शेगडीची कळ फिरवितांच ती पेटते, म्हणून स्वयंपाकघर डोळ्यांपुढें आणून यादी केली तेव्हां काड्यापेटी डोळ्यांपुढें आलीच नाहीं. देवापुढील दिव्यासाठीं घरांत एक असते. परंतु ती देवघरांत, आणि देवघर कांहीं मीं यादींत घेतलें नव्हतें.

"त्या घरावर धूर दिसतो आहे," थोरली म्हणाली.

"म्हणजे आतां लोकांच्या घरून विस्तव मागून आणायची पाळी!" मी वैतागून म्हणालों.

"मी आणतों," धाकटा म्हणाला.

माझ्या तोंडांत ते चार शब्द तयार होते. परंतु काठी सोडली असती तर तंबू तळ्यांत गेला असता. मी गप्प राहिलों, तो शहाणपणानें नव्हे. माझे दोन्ही हात गुंतले होते म्हणून. मुलांच्या आईनें वर न पाहतां सांगितलें, "जा. बांधावरच्या वाटेनें जा. तळ्याकडे उतरूं नकोस." आणि तो गेलासुद्धां.

तीनशें पावलें म्हणजे जाऊन येऊन दहा मिनिटें. तेवढ्या वेळांत शेवटची मेख बसली आणि तंबू उभा राहिला. दहाचीं पंधरा मिनिटें झालीं. घराकडची वाट आतां दिसेनाशी झाली होती. तळ्याचें पाणी मात्र अजून दिसत होतें, आणि मला त्याच्याकडे पाहवेना. काळोखाला मुलें भितात असें आपण म्हणतों. त्या पंधरा मिनिटांत काळोखाला जो भ्याला तो पंचेचाळीस वर्षांचा होता. मोबाईल हातांत होता. त्याला त्या माळावर जीव नव्हता, आणि असता तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या खिशांत कोठला मोबाईल? मीं बॅटरी घेतली आणि निघालों, तोंच थोरली म्हणाली, "बाबा, तें पाहा."

बांधावर एक लाल ठिपका दिसत होता. तो फार सावकाश येत होता. मध्येंच थांबे, पुन्हां चालूं लागे. जवळ आल्यावर दिसलें कीं धाकट्यानें फुटक्या माठाची एक मोठी खापरी, फडक्याची चुंबळ खालीं घेऊन, दोन्ही हातांनीं पोटाशीं धरली आहे, आणि तिच्यांत राखेखालीं निखारे आहेत. त्याच्या मागें दहा पावलांवर, डोक्यावर पेंढ्याचा भारा घेतलेला घरमालक म्हातारा येत होता.

धाकट्यानें माझा शब्द अक्षरशः घेतला होता. घरीं जाऊन त्यानें सांगितलें, "आजी, विस्तव पाहिजे." म्हातारीकडे काड्यापेटी नव्हती असें नाहीं. परंतु विस्तव मागावयास दारीं कोणी आलें त्याला कितीतरी वर्षें लोटलीं होतीं, तिला त्याचें इतकें अप्रूप वाटलें कीं तिनें चुलींतले निखारे काढून, खालींवर राख घालून, ते त्याच्या हातीं दिले, आणि बजावलें, "पायाखाली बघ. पळू नको." पळूं नको असें त्याला बहुधा जन्मांत प्रथमच कोणी सांगत होतें. आम्ही त्याला आजवर "आटप, पळ" असेंच सांगत आलों होतों.

त्यानें गुडघे टेकून खापरी चुलीपाशीं ठेवली. "एक मध्येंच विझायला लागला होता," तो म्हणाला, "मग मी उभा राहिलों आणि हळूच फुंकर घातली." उशीर कां झाला त्याचा एवढाच खुलासा त्यानें केला. वाटेंत एकही निखारा सांडला नव्हता.

मी म्हाताऱ्याला म्हणालों, "बाबा, तुम्हीं तरी खापरी हातांत घ्यायची. लहान आहे तो."

म्हाताऱ्यानें भारा खालीं टाकला. "मी व्हतोच की मागं, साहेब. धा पावलं मागं. पर हात कशाला लावू? काम त्याचं व्हतं."

मग त्याचें लक्ष आमच्या चुलीकडे गेलें. तळ्याच्या कांठावरून मीं तीन गुळगुळीत, सुबक दगड निवडून आणले होते. ते त्यानें पायानेंच बाजूला सारले. पाण्यांत पडून राहिलेल्या दगडाच्या भेगांत पाणी मुरलेलें असतें. तो तापला कीं आंतल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून त्याच्या कपच्या उडतात. धाकट्याला बरोबर घेऊन त्यानें बांधावरचे तीन कोरडे दगड आणले. पेंढा आम्हीं मागितला नव्हता. तो तंबूंत अंथरावयाचा होता. थंडी वरून जितकी लागते त्याहून अधिक जमिनींतून लागते, हें मी चार रग घेऊन गेलों तरी मला ठाऊक नव्हतें. चारही मीं पांघरण्यासाठीं घेतले होते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण मीं मुलांना अनेकदां ऐकविली आहे. अंथरूणच विसरणाऱ्यानें काय करावें, हें तींत सांगितलेलें नाहीं.

त्या रात्रीं पिठलें, घरून आणलेल्या भाकऱ्या आणि निखाऱ्यांत भाजलेले बटाटे असें जेवण झालें. पूर्वेला डोंगरावर मृग नक्षत्र आलें होतें. मृगाच्या पोटांतले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण, आणि मागून चमकत येतो तो व्याध, हें मीं मुलांना दाखविलें. याच नक्षत्राच्या आधारानें लोकमान्य टिळकांनीं वेदांच्या काळाचा विचार केला आणि १८९३ सालीं "ओरायन" हा ग्रंथ प्रसिद्ध केला, हेंही सांगितलें. थोरलीनें तें ऐकून घेतलें. धाकटा तोंवर चुलीपाशीं बसून निखारे राखेनें झांकीत होता, सकाळच्या चहासाठीं.

थंडी आंत येऊं नये म्हणून मीं तंबूचीं सर्व दारें आणि झरोके घट्ट बंद केले, आणि शिकवणीचा पुढचा धडा मला पहाटे मिळाला. तोंडावर पाण्याचा थेंब पडला, मग दुसरा. "पाऊस!" म्हणून मी उठून बसलों. काळोखांतून धाकट्याचा आवाज आला, "पाऊस नाहीं, बाबा. आपलाच श्वास आहे." तो जागाच होता. "खिडकीच्या काचेवर 'हा' करून मी चित्र काढतों ना, तसें झालें आहे." आणि तें अगदीं तसेंच झालें होतें. चार माणसांच्या श्वासांतली वाफ थंड कापडाला लागून तिचें पाणी झालें होतें. तंबूचे वरचे झरोके कितीही थंडी असली तरी थोडे उघडे ठेवावे लागतात, ते यासाठीं. काचेवर चित्रें काढल्याबद्दल मी त्याला रागें भरत आलों होतों. आम्ही दोघें बाहेर आलों. पाऊस नव्हताच. रात्रीं पूर्वेला पाहिलेला मृग आतां पश्चिमेकडच्या डोंगरावर टेकला होता. "सगळें आभाळ फिरलें," धाकटा म्हणाला, आणि आम्ही तेथेंच थोडा वेळ उभे राहिलों.

दुसरा दिवस आम्हीं रतनवाडीला अमृतेश्वराच्या जुन्या मंदिरांत आणि तळ्याकांठीं काढला. खांबांवरचें कोरीवकाम पाहतांना आदल्या संध्याकाळचा तो लाल ठिपका माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ज्याच्या हातून घरीं रोज पेला लवंडतो, त्याच्या हातून वाऱ्यांत आणि काळोखांत एक निखारा सांडूं नये, याचा अर्थ काय? हात तेच होते. मला तर असें दिसलें कीं पेल्यावर कांहींच अवलंबून नसतें. तो लवंडला तरी दुसरा मिळतो, आणि लवंडण्याच्या आधींच कोणाचा तरी हात पुढें येतो. निखाऱ्यावर चौघांचें जेवण अवलंबून होतें, आणि हें त्याला माहीत होतें.

मुलांच्या तळाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत बेडन-पॉवेल यांचें नांव मोठें आहे. १९०७ च्या ऑगस्टांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर त्यांनीं वीसएक मुलांचा पहिला प्रायोगिक तळ भरविला. त्या मुलांच्या त्यांनीं चार तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीवर नायक नेमला तो मोठा माणूस नव्हे, एक मुलगाच. पुढें जगभर पसरलेल्या बालवीरांच्या चळवळीचें मर्म मला या एका गोष्टींत दिसतें. पण तें मीं पुस्तकांत वाचलें होतें. आणि वाचूनही भिंतीवर तसली यादी लावली होती. आपल्या घरांतून मुलांचीं कामें एकेक करून निघून गेलीं आहेत. पाणी नळाला येतें, दिवा कळीनें लागतो, वाणसामान दारीं येतें. त्या धनगराच्या मुलीचे कष्ट गाडीच्या खिडकींतून गोड वाटतात, आणि तिला शाळा मिळाली पाहिजे याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. तरीही तिच्यावांचून तीं कोंकरें मागें राहिलीं असतीं. माझ्या मुलावांचून माझ्या घरांत काय अडलें असतें? या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना. दोन रात्री कां होईना, तंबूनें तें दिलें.

त्या दुपारीं शेंडी गांवांतल्या दुकानांतून मीं एक काड्यापेटी विकत घेतली आणि खिशांत टाकली. संध्याकाळीं उन्हें उतरलीं तशी धाकट्यानें खापरी घेतली, चुंबळ खांद्यावर टाकली आणि माझ्यापुढें येऊन उभा राहिला. "बाबा, मी विस्तवाला जातों."

माझा हात खिशावर गेला. काड्यापेटी हाताला लागली. मीं ती तेथेंच राहूं दिली.

तो घरांत जाऊन परत निघाला, तेव्हां मी बांधापाशीं उभा होतों. त्याला पुढें जाऊं दिलें आणि मागून चालूं लागलों. म्हाताऱ्यानें "धा पावलं मागं" म्हटलें होतें तें किती कठीण आहे, हें चालून पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. दोनदां त्याचा पाय ढेकळावर अडखळला आणि दोन्ही वेळां माझा हात आपोआप पुढें झाला. तो मध्येंच थांबला. मलाही थांबावें लागलें. निखाऱ्यावर त्यानें फुंकर घातली आणि त्याचा चेहरा एका बाजूनें उजळला. मी रोज त्याला घाई करीत त्याच्यापुढें चालतों. त्याला असा मागून मीं कधीं पाहिलाच नव्हता. त्याचीं पावलें सावकाश पडत होतीं, पण तीं सारखीं पडत होतीं. मीच त्यांच्याशीं आपलें पाऊल जमवूं शकत नव्हतों.

निघण्याच्या सकाळीं चूल विझविण्याचें काम त्यानें मागून घेतलें. पाणी ओतलें, राख ढवळली, पुन्हां पाणी ओतलें, आणि वर तळहात धरून ऊब राहिली नाहीं ना तें पाहिलें. खापरी तो आजीला परत देऊन आला.

यावरून घरीं आल्यावर सारें पालटलें असें मात्र कोणी समजूं नये. पहिल्याच रात्रीं जेवतांना त्यानें पाण्याचा तांब्या उचलला. "राहूं दे" एवढे दोन शब्द माझ्या तोंडून गेलेच. पुढचे दोन मीं गिळले. त्यानें पेला भरला, आणि थोडें पाणी ताटाशेजारीं सांडलेंही. मी बसून राहिलों. तो उठला, फडकें घेऊन आला, आणि त्यानें तें पुसलें. त्याला बराच वेळ लागला. कोणाचेंही कांहीं अडलें नाहीं.

आतां माघांत पुन्हां जावयाचें घाटत आहे. नवी यादी भिंतीवर लागली आहे. यंदा पहिल्या ओळींत मीं ठळक अक्षरांत "काड्यापेटी" असें लिहिलें होतें. परवां पाहिलें तों त्या शब्दावर पेन्सिलीनें काट मारलेली आणि शेजारीं वांकड्या अक्षरांत "विस्तव" असें लिहून पुढें धाकट्यानें आपलें नांव घातलेलें. मीं तें खोडलेलें नाहीं. काड्यापेटी मात्र मुकाट्यानें माझ्या पिशवीच्या तळाशीं घालून ठेवली आहे. दहा पावलें मागून चालणाऱ्यानें तेवढी तयारी ठेवावीच लागते.